काम आवडतं, पण नोकरी नको!

"ताई, मी ही नोकरी सोडणार आहे."

रविवारची सकाळ होती. मी पोह्यांना फोडणी देत होते आणि धाकटी जाऊ ओट्याला टेकून कोथिंबीर निवडत होती. 'दूध वर आलंय हं' म्हणावं इतक्या सहज तिनं हे सांगितलं. हातातली कोथिंबीरसुद्धा खाली ठेवली नाही.

धाकटीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली. त्याच्या थोडं आधीपासून ती गावातल्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. बारावी सायन्स, मग डी.एम.एल.टी., आणि लगेच नोकरी. सकाळी सातला डबा घेऊन स्कूटी काढते, ती साडेतीनला परत. घरात कुणाला त्याची अडचण नव्हती आणि खरं सांगायचं तर कुणाला त्याचं विशेष कौतुकही नव्हतं.

पोहे खाताना विषय निघालाच. सासूबाई म्हणाल्या, "सोड की. घरात काय कमी आहे? तेवढीच तुला विश्रांती."

भाऊजी म्हणाले, "मी कधीचा सांगतोय. अकरा हजारांसाठी एवढी मरमर कशाला? त्यातले पेट्रोललाच किती जातात!"

आमचे हे हिशेबी. ते म्हणाले, "दुसरी हातात असल्याशिवाय पहिली सोडू नये."

तिघांचंही आपापल्या परीनं बरोबर होतं, आणि तिघंही तिच्या भल्याचंच बोलत होते. धाकटी मान खाली घालून पोहे खात राहिली. माझ्या मात्र एक गोष्ट मनात आली. ती तिथे काय काम करते, हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही! दोन वर्षं एका स्वयंपाकघरात वावरतो आम्ही, पण 'तुझी जाऊ काय करते?' असं कुणी विचारलं तर 'रक्त तपासते' यापलीकडे मला एक वाक्य सांगता आलं नसतं.

जांभळं टोपण, करडं टोपण

त्या रात्री मागचं आवरून झाल्यावर आम्ही दोघी मेथीच्या जुड्या घेऊन बसलो. मी म्हटलं, "अगं, मला सांग तरी, सकाळी गेल्यापासून तू करतेस काय?"

आधी तिला वाटलं, मी आपलं विचारायचं म्हणून विचारते आहे. मग बोलायला लागली आणि बोलतच राहिली.

रक्त घ्यायच्या नळ्यांना वेगवेगळ्या रंगांची टोपणं का असतात, हे मला त्या दिवशी कळलं. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं औषध असतं, म्हणून ती पेशी मोजायला. करड्या टोपणाची साखरेसाठी. रक्त नळीत गेलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. तपासायला उशीर झाला तर साखर कमी दिसते. ती कमी होऊ नये म्हणून त्या नळीत फ्लोराइड घातलेलं असतं. "म्हणजे चुकीच्या नळीत घेतलं तर?" मी विचारलं. "तर डायबेटिस असलेल्या माणसाला आपण सांगू, तुमची साखर छान आहे!" धाकटी म्हणाली.

म्हाताऱ्या माणसांच्या शिरा सापडत नाहीत तेव्हा काय करायचं, लहान मुलाला आधी कशाच्या गोष्टीत गुंतवायचं, काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर पांढऱ्या पेशी कशा ओळखायच्या, असं कायकाय ती सांगत होती. मेथी निवडायची राहिली आणि मी ऐकत बसले.

मग तिनं गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगितली.

डेंग्यूचे दिवस होते. एका बाईंचं रक्त आलं. मशीननं प्लेटलेट दाखवल्या पस्तीस हजार. निरोगी माणसात त्या साधारण दीड लाख ते साडेचार लाख असतात. बाईंचे नातेवाईक घाबरून गेले, दवाखान्यात ॲडमिट करायची बोलणी सुरू झाली. पण धाकटीला ते पटेना. बाई चालत आल्या होत्या, ताप उतरला होता, अंगावर कुठे डाग नाही. तिनं रक्ताची काच करून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, तर कडेला प्लेटलेटचे पुंजकेच्या पुंजके! काही माणसांच्या रक्तात त्या जांभळ्या नळीतल्या औषधामुळेच प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. मशीनला ते पुंजके प्लेटलेट म्हणून ओळखताच येत नाहीत आणि आकडा खोटाच कमी येतो. तिनं डॉक्टरांना ती काच दाखवली. त्यांनी निळ्या टोपणाच्या, दुसरं औषध असलेल्या नळीत रक्त पुन्हा घ्यायला सांगितलं. आकडा आला एक लाख नव्वद हजार. बाई घरी गेल्या.

"अगं, केवढी मोठी गोष्ट केलीस! घरी का नाही सांगितलंस?"

धाकटी हसली. "सांगणार होते, ताई. पण त्या दिवशी गॅस संपला होता. मला यायला उशीर झाला आणि तुम्ही..."

मला आठवलं. 'वेळेवर यायला काय होतं गं तुला?' असं मी तिला दारातच म्हटलं होतं.

मग सोडतेस का?

"इतकं आवडतंय काम, तर मग सोडतेस कशाला?" मी विचारलं.

तिनं बोटं मोजली. एक, दोन वर्षांत पगार एक रुपयानं वाढलेला नाही. दोन, नियुक्तिपत्र नाही, त्यामुळे आपण इथे कोण म्हणून आहोत हेच माहीत नाही. तीन, आठवड्याची सुट्टी ठरल्याप्रमाणे कधीच मिळत नाही. आणि चौथं सांगताना तिचा आवाज बदलला. काउंटरवरची मुलगी सोडून गेल्यापासून हिला पैसे घेणं आणि बिलं टाइप करणं यावर बसवलंय. "सूक्ष्मदर्शकाला हात लागून चार महिने झाले, ताई. मी शिकलेली सगळी विसरून जाईन असं वाटतं."

ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, या चारांत कामाबद्दल एकही तक्रार नाही. सगळ्या तक्रारी नोकरीबद्दल आहेत. काम वेगळं आणि नोकरी वेगळी. काम म्हणजे आपले हात आणि आपलं डोकं जे करतं ते. नोकरी म्हणजे ते काम करण्यासाठी केलेला करार. पगार, वेळ, वरची माणसं, रजा, मान, सगळं त्यात आलं. दोन्ही एकाच दारातून आत येतात म्हणून आपण त्यांना एक समजतो. आणि मग व्हायचं ते होतं.

मला हे इतकं पटकन कळलं, कारण मी स्वतः ती चूक केलेली आहे.

बारा वर्षांपूर्वी मी एका विनाअनुदानित शाळेत पाचवी-सहावीला मराठी शिकवत होते. सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच, असा तिथला पगार. बी.एड. नाही म्हणून ते तोंडावर बोलून दाखवायचे. एकदा शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत ऐकावं लागलं, "पटत नसेल तर दार उघडं आहे." मी खरोखरच त्या दारातून निघून आले. त्यात काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. चूक पुढे झाली. मी स्वतःला सांगितलं, 'शिकवणं हा आपला प्रांतच नव्हे.' पुस्तकं माळ्यावर टाकली. लोकांनी विचारलं की 'मुलं लहान आहेत ना' म्हणून सांगायची. वड्याचं तेल वांग्यावर, तसं झालं माझं. राग नोकरीचा होता, तो मी कामावर काढला आणि नऊ वर्षं घालवली.

तीन वर्षांपूर्वी शेजारची मुलगी विभक्ती समजत नाही म्हणून रडत आली. तासाभरात तिला ती समजली, आणि तिचा चेहरा उजळला तसा माझाही उजळला असावा, कारण हे म्हणाले, "आज काय एवढी खुशीत?" त्यानंतर मी एका शाळेत तासिकेवर जायला लागले. पैसे थोडेच मिळतात, पण वर्गातून बाहेर पडताना मी दमलेली नसते.

नोकऱ्या बदलल्या, काम नाही

डॉक्टर कमला सोहोनी यांचं नाव तुमच्यापैकी काही जणींनी ऐकलं असेल. माहेरच्या त्या भागवत. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम रीतीनं पार करून त्यांनी बंगलोरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले. पण संचालक होते सर सी. व्ही. रामन. नोबेल पारितोषिक मिळवलेला हा एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई स्वतः जाऊन भेटल्या आणि हटून बसल्या. शेवटी एक वर्ष 'बघू' म्हणून, अटी घालून प्रवेश मिळाला. हा अपमान त्या पुढेही विसरल्या नाहीत, पण त्या वर्षात त्यांनी काम असं केलं, की त्यानंतर त्या संस्थेची दारं इतर मुलींनाही उघडली. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. घेऊन त्या परत आल्या.

त्यांच्या नोकऱ्यांकडे बघा. आधी दिल्लीचं लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय, मग कुन्नूरची आहारविषयक प्रयोगशाळा, १९४७ मध्ये लग्न झाल्यावर मुंबई आणि तिथली रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. गावं बदलली, हुद्दे बदलले, संसार आला. पण जीवरसायनशास्त्र हे काम त्यांनी सोडलं नाही. गरिबाच्या ताटात जे पडतं, त्यात पोषण किती, याचा शोध त्या घेत राहिल्या. नीरेवरचं त्यांचं काम तर गाजलं. पुढे ग्राहक चळवळीत आल्या तेव्हाही अन्नातली भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी, हेच बायकांना शिकवलं. काम तेच, जागा नवी!

आपण सगळ्या काही कमलाबाई नव्हे. पण एवढं आपल्याला घेता येईल, की नोकरीनं दुखावलं म्हणून कामाशी कट्टी घ्यायची नाही.

एक वही, दोन रकाने

मी धाकटीला म्हटलं, "आत्ता काही ठरवू नकोस. पंधरा दिवस एका वहीत लिही." पान मधोमध दुमडायचं. डावीकडे, आज कुठल्या कामात वेळ कसा गेला कळलं नाही. उजवीकडे, आज काय खुपलं. रोज दोन ओळी पुरेत. मन एखाद्याच दिवसाच्या रागावर निर्णय घेतं. वही पंधरा दिवसांचा हिशेब दाखवते.

पंधरा दिवसांनी उजवा रकाना पुन्हा वाचायचा आणि त्याचे तीन भाग करायचे.

पहिला भाग, मागितलं तर बदलू शकेल असं. कामाची वाटणी, सुट्टीचा वार, पगारवाढ. आपण बायका मनातल्या मनात धुमसतो, पण मागत नाही. मागायचं तर नीट वेळ ठरवून, आपण काय काय केलं ते सांगून मागावं. 'सर, माझा पगार वाढवा' यापेक्षा 'दोन वर्षांत मी हे हे शिकले, ही कामं एकटीनं करते' हे आधी सांगावं.

दुसरा भाग, जागा बदलल्याशिवाय न बदलणारं. सतत अपमान, खोट्या कागदावर सह्या, अंगचटीला येणारा वरिष्ठ. इथे सहनशीलता हा गुण नव्हे. जिथे दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्यानं सक्तीचं केलं. त्याहून लहान जागा असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

तिसरा भाग, त्या कामातच असलेलं. लॅबमध्ये पहाटे उठावं लागणारच, शिक्षिकेला वह्या तपासाव्या लागणारच. हे ज्याचं त्यानं ठरवायचं, की डाव्या रकान्यासाठी आपण हे सोसू का. आणि डावा रकाना पंधरा दिवस कोराच राहिला तर? तर मात्र काम बदलायचा विचार खुशाल करावा. शिकलो एक आणि रमलो दुसऱ्यात, यात लाज कसली?

फक्त एक सांभाळा. पहिल्या सहा-आठ महिन्यांत हा हिशेब मांडू नका. हात बसायला वेळ लागतो. पुरणपोळी पहिल्या वर्षी कुणाची फुटली नाही? हात बसेपर्यंत सगळंच काम नकोसं वाटतं.

कागदांचंही बघा

नोकरी करणाऱ्या मुलीला आपण साडी कुठली नेस हे सांगतो, कागदांचं सांगत नाही. नियुक्तिपत्र मागणं हा उद्धटपणा नव्हे. पगार बँकेत जमा होईल तर बरं, कारण ती नोंद राहते. वीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला भविष्यनिर्वाह निधीचा नियम लागू होतो. त्याचा आपला क्रमांक जपून ठेवावा, नोकरी बदलली तरी तोच चालतो. दहा किंवा अधिक माणसांच्या ठिकाणी प्रसूतीची पगारी रजा पहिल्या दोन मुलांपर्यंत सव्वीस आठवडे मिळते. हा बदल २०१७ साली झाला. त्याआधीच्या बारा महिन्यांत तिथे किमान ऐंशी दिवस काम झालेलं असावं लागतं. धाकटीच्या लॅबमध्ये आठच माणसं, म्हणजे यातलं बरंचसं तिला लागू नाही! हे आम्हाला कागद बघितल्यावर कळलं, आणि पुढची नोकरी बघताना काय विचारायचं तेही कळलं.

अभ्यासक्रमाचंही तसंच. फी भरण्याआधी त्या प्रमाणपत्राला मान्यता आहे का, हे पक्कं करावं. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसारख्या आरोग्यसेवकांच्या शिक्षणासाठी आणि नोंदणीसाठी २०२१ साली केंद्रानं स्वतंत्र कायदा केला. नुसता अनुभव पुढे पुरेलच असं नाही. शिक्षिकांचं तर आपल्याला माहीतच आहे. अनुभव कितीही असो, बी.एड. आणि पात्रता परीक्षेचा प्रश्न शेवटी समोर येतोच.

आणि आपण घरच्या?

हे सगळं त्या मुलीनं करायचं. पण आपलं काय? मैत्रिणींनो, आपण सासवा, जावा, मावश्या, आया. मुलगी नोकरीवरून आली की आपण काय विचारतो? 'उशीर का झाला?' महिनाअखेर, 'पगार झाला का?' आणि दिवाळीला, 'सुट्टी किती?' यातला एकही प्रश्न तिच्या कामाबद्दल नसतो. मुलगा ऑफिसातून आला की आपण त्याला 'आज काय झालं रे?' म्हणून विचारतो. सुनेला मात्र 'कुकर लाव' म्हणतो. मग तिला स्वतःलाही हळूहळू वाटू लागतं, की आपलं काम म्हणजे वेळ घालवायचं साधन. जे काम घरात कुणाच्या लेखी नाही, ते एखाद्या वाईट दिवशी सोडून द्यायला कितीसा वेळ लागतो?

हो, आणि ते सोडायला सांगणंही फार सोपं असतं. 'घरात काय कमी आहे?' हे प्रेमानंच म्हटलेलं असतं. पण कमी काय आहे ते तिला विचारावं तरी!

धाकटीनं वही लिहिली. डावा रकाना जवळजवळ सगळा जुन्याच आठवणींचा भरला, कारण हल्ली सूक्ष्मदर्शक कुठे होता? ती डॉक्टरांकडे गेली आणि सगळं नीट सांगितलं. त्यांनी सकाळचे चार तास तिला आत काम द्यायचं कबूल केलं आणि काउंटरसाठी मुलगी ठेवली. पगार हजारानं वाढवला. नियुक्तिपत्राचं मात्र अजून 'बघू' चाललंय. तिनं मनाशी सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तोवर ती मोठ्या लॅबमध्ये अर्ज करते आहे आणि पुढच्या पदवीची चौकशीही. म्हणजे ही नोकरी ती कदाचित सोडेलच. पण काम सोडणार नाही, आणि त्या रविवारी ती दोन्ही सोडायला निघाली होती.

तिचं बघून मीही माळ्यावरची पुस्तकं खाली काढली. बी.एड.च्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरलाय. प्रवेश मिळाला तर दोन वर्षं रोज कॉलेज. संपेल तेव्हा मी चाळिशीला आलेली असेन. हे म्हणाले, "आता या वयात?" मी म्हटलं, "वय काय, तसंही होणारच आहे."

परवा दुपारी धाकटी आली तेव्हा सासूबाई झोपाळ्यावर वाती वळत बसल्या होत्या. तिनं चपला काढायच्या आतच त्यांनी विचारलं, "काय गं, आज कुणाच्या पेशी मोजल्यास?"

धाकटी तशीच, खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता, त्यांच्याशेजारी बसली आणि सांगू लागली. कुकर त्या दिवशी मीच लावला.